पासष्टीची मुदत : अमेरिकेतील सरकारी आरोग्यविमा आणि आपली व्यापारी कुटुंबे

व्यापारात मुदतीचे महत्त्व काय असते, हे आमच्या वाचकांस सांगणे म्हणजे सराफास सोने दाखविण्यासारखे आहे. हुंडी कितीही भरवशाच्या पेढीची असो, ती नेमल्या दिवशी पुढे केली पाहिजे. कराचा हप्ता कितीही लहान असो, तो नेमल्या तारखेस भरला पाहिजे. मुदत चुकली म्हणजे खरे देणेसुद्धा वादात पडते आणि हक्काचा पैसा हातचा जातो. हे सर्व जाणणारा व्यापारी स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र मुदतीचा विचार क्वचितच करतो. दुकानाचा विमा, मालाचा विमा, मोटारीचा विमा तो वेळच्या वेळी उतरवितो. आपल्या म्हातारपणाच्या औषधपाण्याची सोय मात्र ‘पुढे पाहू’ या खात्यावर टाकून देतो.

प्रस्तुत लेखाचा विषय अमेरिकेतील आहे, म्हणून तो आपल्या स्मरणिकेत कशाला, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर सोपे आहे. बेळगाव, इंदूर, वडोदरा, हैदराबाद येथील आपल्या कुटुंबांपैकी ज्यांचा कोणीही आप्त अमेरिकेत नाही, अशी घरे आता थोडी राहिली आहेत. १९६५ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी परदेशीयांच्या प्रवेशाच्या नव्या कायद्यावर सही केली आणि हिंदुस्थानातून तिकडे जाण्याची वाट मोकळी झाली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत जे तरुण गेले, ते आज साठी-सत्तरीच्या घरात आहेत. कोणी नोकरीतून निवृत्त होत आहेत, कोणी दुकान, मोटेल किंवा लहानसा कारखाना चालवीत आहेत. कित्येकांनी आपल्या वृद्ध आई-वडिलांनाही तिकडे नेले आहे. अशा प्रत्येक घरी एक प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच : वयाच्या पासष्टाव्या वर्षी मिळणाऱ्या सरकारी आरोग्यविम्यात नाव केव्हा नोंदवावे? या ‘केव्हा’ला फार किंमत आहे, आणि ती डॉलरांत मोजावी लागते.

आपल्याकडील अनुभवामुळे या बाबतीत एक गैरसमज होण्याचा संभव आहे. भारत सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांसाठी, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेखाली दरसाल कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय सुरू केली. त्या कार्डाला हप्ता नाही आणि ते उशिरा काढले म्हणून दंडही नाही. ती जणू दर्शनी हुंडी आहे. दाखविली की वटली. अमेरिकेतील योजना तशी नाही. ती मुदती हुंडी आहे, आणि हा भेद ज्यांच्या ध्यानी येत नाही त्यांचे नुकसान होते.

योजनेचे स्वरूप

या योजनेस मेडिकेअर असे म्हणतात. ३० जुलै १९६५ रोजी मिझूरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तिच्या कायद्यावर सही केली. सरकारी आरोग्यविम्याचा पुरस्कार ज्यांनी वीस वर्षे आधी केला होता, ते माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन त्या प्रसंगी उपस्थित होते आणि योजनेतील पहिले नाव त्यांचेच नोंदविण्यात आले. प्रत्यक्ष लाभ १ जुलै १९६६ पासून मिळू लागला. परदेशीयांना दार उघडणारा कायदा आणि वृद्धांच्या औषधोपचाराचा कायदा एकाच वर्षी, एकाच राष्ट्राध्यक्षाच्या सहीने व्हावे, हा योगायोग आपल्या लोकांच्या दृष्टीने लक्षणीय आहे. कारण पहिल्या कायद्याने जे तिकडे गेले, ते आता दुसऱ्या कायद्याच्या छत्राखाली येत आहेत.

मेडिकेअरचे चार भाग आहेत. भाग ‘ए’ हा रुग्णालयात राहून घ्यावयाच्या उपचारांचा होय. भाग ‘बी’ मध्ये डॉक्टरांची फी, तपासण्या व रुग्णालयात न राहता होणारे उपचार येतात. भाग ‘सी’ म्हणजे हे दोन्ही लाभ सरकारमान्य खाजगी विमा कंपनीमार्फत एकत्र घेण्याची सोय. तिला मेडिकेअर ॲडव्हांटेज म्हणतात. भाग ‘डी’ हा औषधांचा. तो २००३ च्या कायद्याने निर्माण झाला आणि २००६ च्या जानेवारीपासून अमलात आला.

ज्याने अमेरिकेत सुमारे दहा वर्षे, म्हणजे चाळीस तिमाह्या, कर भरून काम केले आहे, त्यास भाग ‘ए’ हप्त्याशिवाय मिळतो; पती किंवा पत्नी यांच्या कामाच्या आधारेही तो मिळू शकतो. हे फुकट नव्हे. नोकरदाराच्या पगारातून शेकडा १.४५ आणि तितकेच मालकाकडून या योजनेसाठी आयुष्यभर कापून घेतलेले असतात. स्वतंत्र धंदा करणारा दोन्ही बाजूंचे मिळून शेकडा २.९ स्वतः भरतो. भाग ‘बी’ ला मात्र दरमहा हप्ता आहे. २०२५ साली तो साधारणतः १८५ डॉलर होता. भारतात केलेल्या धंद्याची अगर नोकरीची वर्षे या चाळीस तिमाह्यांत धरली जात नाहीत.

आणखी एक गोष्ट आपल्या एकत्र कुटुंबाच्या रीतीस अपरिचित आहे. मेडिकेअरमध्ये ‘कुटुंबाचे कार्ड’ असा प्रकार नाही. प्रत्येकाचे नाव वेगळे, मुदत वेगळी, हप्ताही वेगळा. यजमान पासष्ट वर्षांचे व गृहिणी साठ वर्षांच्या असतील, तर यजमानांनी नोकरीचा विमा सोडून मेडिकेअरमध्ये जाताच गृहिणींचा विमा कोणता, हा प्रश्न त्याच दिवशी उभा राहतो. त्याची तजवीज आधी करावी.

सात महिन्यांची खिडकी

नाव नोंदविण्याची पहिली मुदत सात महिन्यांची असते. ज्या महिन्यात पासष्ट वर्षे पूर्ण होतात तो महिना, त्याच्या आधीचे तीन व नंतरचे तीन. समजा, एखाद्या गृहस्थाचा जन्म १० जूनचा आहे. त्याची मुदत मार्चपासून सप्टेंबरअखेरपर्यंत राहील. त्याने मार्च, एप्रिल किंवा मे महिन्यात अर्ज केला, तर १ जूनपासून विमा लागू होतो. जूनमध्ये किंवा त्यानंतर केला, तर २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणे अर्जाच्या पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू होतो. यास्तव आधीचे तीन महिने हाच उत्तम काळ होय.

येथे एक बारकावा आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावा. जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असेल, तर त्या कायद्याप्रमाणे वय आदल्या दिवशीच पूर्ण झाले असे मानतात आणि सगळी मुदत एक महिना अलीकडे सरकते. आपल्याकडे जुन्या पिढीतील किती तरी मंडळींची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी १ जून अशी लिहून टाकली आहे, हे सर्वश्रुत आहे. घरी जन्म श्रावणातला म्हणून सांगितला जातो, पण पासपोर्टावर व सर्व दफ्तरी १ जूनच असते. अशा गृहस्थाची मुदत फेब्रुवारीत सुरू होऊन ऑगस्टअखेर संपते, आणि वेळेवर अर्ज केल्यास विमा १ मे पासून लागू होतो. घरातील पंचांगापेक्षा कागदावरची तारीख येथे प्रमाण मानावी.

दुसरा गोंधळ पासष्ट आणि सदुसष्ट या दोन आकड्यांचा होतो. सोशल सिक्युरिटी नावाचे जे निवृत्तिवेतन आहे, ते पूर्ण दराने मिळण्याचे वय १९६० साली किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सदुसष्ट आहे. त्यामुळे पुष्कळांस वाटते की आरोग्यविम्याचेही वय तेच. ते चूक आहे. विम्याचे वय पासष्टच राहिले आहे. पासष्टीच्या निदान चार महिने आधीपासून ज्यांना ते निवृत्तिवेतन मिळत असते, त्यांचे नाव आपोआप नोंदले जाते. इतरांनी स्वतः अर्ज केला पाहिजे. आजकाल पुष्कळ लोक निवृत्तिवेतन पुढे ढकलतात. म्हणजे आपोआप नोंद होणाऱ्यांत ते नसतात आणि कोणी आठवण करून देईल या भरवशावर राहतात.

तिसरा गोंधळ वर्षाखेरीच्या जाहिरातींनी होतो. दरसाल १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात मेडिकेअरच्या जाहिरातींचा पूर येतो. तो काळ आधीच योजनेत असलेल्यांनी आपली खाजगी किंवा औषधांची योजना बदलण्याचा आहे. पहिल्या नोंदणीशी त्याचा संबंध नाही.

विलंबाची आकारणी

मुदत चुकली तर काय होते, हे आकड्यांनीच पाहणे बरे. भाग ‘बी’ घेण्यास पात्र असूनही आणि दुसरा मान्य विमा नसताना जो तो घेत नाही, त्यास विलंबाच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्त्याच्या शेकडा दहा इतका अधिक आकार द्यावा लागतो. आणि हा आकार एकदा देऊन संपत नाही, भाग ‘बी’ असेपर्यंत, म्हणजे बहुधा हयातभर, चालतो.

समजा, १० जूनच्याच त्या गृहस्थाची पासष्टी २०२१ साली झाली. सप्टेंबर २०२१ अखेर त्याची मुदत संपली. प्रकृती उत्तम होती, म्हणून त्याने नाव नोंदविले नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात हृदयविकाराची शंका आली आणि तो धावत कचेरीत गेला. तेव्हा त्यास कळले की, मुदत चुकलेल्यांसाठी १ जानेवारी ते ३१ मार्च हाच सर्वसाधारण नोंदणीचा काळ असतो. जानेवारीत अर्ज केला तरी विमा फेब्रुवारीपासून. त्याने फेब्रुवारीत अर्ज केला, तो १ मार्च २०२५ पासून लागू झाला. दरम्यानच्या चार महिन्यांची डॉक्टरांची फी व तपासण्या पदरच्या. विलंबाची पूर्ण वर्षे तीन धरली गेली. १८५ डॉलरांवर शेकडा तीस म्हणजे दरमहा ५५.५० डॉलर अधिक. वर्षाचे ६६६ डॉलर. वीस वर्षे आयुष्य लाभल्यास, हप्ता कधीच वाढला नाही असे धरूनही, १३,३२० डॉलर. हप्ता तर वाढतच जातो, आणि त्याबरोबर दंडही. तीन वर्षांचा वाचविलेला हप्ता त्या मानाने निम्म्याच्या आसपास येतो. जमाखर्चाच्या दृष्टीनेही हा सौदा तोट्याचा आहे. मधल्या काळात जिवाला जो धोका राहिला, त्याची तर खतावणीच होऊ शकत नाही.

नोकरीतील विमा आणि वीस माणसांचा नियम

मग पासष्टाव्या वर्षी प्रत्येकाने भाग ‘बी’ घेतलाच पाहिजे काय? नाही. जो अद्याप काम करीत आहे, किंवा ज्याची पत्नी वा पती काम करीत आहे, आणि त्या चालू नोकरीच्या जोरावर ज्यास मालकाकडून सामूहिक विमा मिळतो, त्यास थांबण्याची मुभा आहे. परंतु येथे मालकाकडे माणसे किती, हे पाहावे लागते. वीस किंवा अधिक माणसे असतील, तर बिल प्रथम मालकाचा विमा भरतो आणि मेडिकेअर मागाहून येते. अशा गृहस्थाने भाग ‘बी’ पुढे ढकलला तर बहुधा काही बिघडत नाही.

माणसे विसाहून कमी असतील, तर क्रम उलटा होतो. मेडिकेअर पहिले आणि मालकाचा विमा दुसरा. अशा ठिकाणी भाग ‘बी’ घेतला नाही, तर विमा कंपनी म्हणू शकते की, मेडिकेअरने जे प्रथम भरावयाचे होते ते आम्ही भरणार नाही. दंड लागला नाही तरी बिलाचा मोठा हिस्सा अंगावर पडतो. म्हणून लहान पेढीत काम करणाऱ्याने पासष्टीलाच दोन्ही भाग घ्यावेत, हे इष्ट.

आता व्यापाऱ्याची गोष्ट. हीच आमच्या लेखाची खरी गाठ आहे. नोकरदाराला निवृत्तीचा दिवस असतो; सत्कार होतो, हार पडतात, कचेरी कागद हाती देते, आणि त्या निमित्ताने त्याला आपल्या विम्याची आठवण होते. दुकानदाराला निवृत्तीचा दिवस नसतो. तो गादीवर बसतो तो बसतोच. पासष्टावे वर्ष एखाद्या साध्या बुधवारी गिऱ्हाइकाशी भाव करता करता येते आणि निघून जाते. त्यातून ज्याचे मोटेल किंवा दुकान घरच्याच माणसांवर चालते, त्याचा विमा पुष्कळदा बाजारातून स्वतःच्या नावाने विकत घेतलेला असतो. असा वैयक्तिक विमा कितीही महाग असो आणि कितीही वर्षे भरलेला असो, तो नोकरीचा सामूहिक विमा मानला जात नाही. त्याच्या आधारे थांबता येत नाही. थांबल्यास दंडाची वर्षे मोजली जातात. ‘माझा विमा आहे’ एवढ्यावर समाधान मानणारा व्यापारीच या नियमात अधिक सापडतो, हे आम्हांस मुद्दाम सांगावयाचे आहे. प्रश्न विमा आहे की नाही, हा नाही. तो कोणत्या नात्याने आहे, हा आहे.

नोकरी संपल्यावरचे आठ महिने

ज्याने योग्य कारणाने भाग ‘बी’ पुढे ढकलला, त्यास नोकरी किंवा त्या नोकरीचा विमा यांपैकी जे आधी संपेल, त्यानंतर आठ महिन्यांची विशेष मुदत मिळते. तीत नाव नोंदविल्यास दंड नाही. अर्जासोबत मालकाचा दाखला द्यावा लागतो. तो नोकरी सोडतानाच मागून घ्यावा. पेढी बंद झाल्यावर किंवा नव्या मालकाच्या हाती गेल्यावर सहीसाठी माणूस शोधत फिरणे कठीण.

येथे फसगत होते ती ‘कोब्रा’ नावाच्या सोयीने. नोकरी सुटल्यावर जुनाच विमा स्वतःच्या खर्चाने काही काळ, पुष्कळदा अठरा महिने, चालू ठेवण्याची ती तरतूद आहे. कार्ड तेच, डॉक्टर तेच. म्हणून मनुष्य निर्धास्त राहतो. परंतु तो विमा चालू नोकरीचा राहिलेला नसतो. आठ महिन्यांची घटिका नोकरी सुटल्याबरोबर वाहू लागलेली असते, आणि अठराव्या महिन्यात जागे होणाऱ्यास मुदत केव्हाच संपल्याचे कळते. निवृत्तांना जुन्या मालकाकडून मिळणाऱ्या विम्यालाही हाच न्याय लागू आहे.

करसवलतीचे ‘आरोग्य बचत खाते’ असणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. पासष्टीनंतर मेडिकेअरचा अर्ज केला की भाग ‘ए’ मागील सहा महिन्यांपर्यंतच्या तारखेने लागू होऊ शकतो, आणि त्या काळात या खात्यात भरलेली रक्कम नियमबाह्य ठरते. सबब अर्जाच्या सहा महिने आधी त्यात भरणा थांबवावा.

दुकान विकून निवृत्त होणाऱ्यांनी हेही जाणावे की, ज्यांचे उत्पन्न मोठे त्यांना भाग ‘बी’ व ‘डी’ चा हप्ता अधिक पडतो, आणि त्यासाठी दोन वर्षांपूर्वीचे करपत्रक पाहतात. २०२५ च्या हप्त्यासाठी २०२३ चे उत्पन्न पाहिले गेले. एकट्यास १,०६,००० आणि दांपत्यास २,१२,००० डॉलरांपेक्षा अधिक असल्यास हप्ता वाढला. विक्रीच्या वर्षी झालेला नफा अशा रीतीने दोन वर्षांनी हप्त्यात उमटतो. विक्रीचे वर्ष ठरविताना हिशेबनिसाशी याविषयी बोलावे.

औषधे आणि पूरक विमा

भाग ‘डी’ ला वेगळी मुदत व वेगळा दंड आहे. पहिली मुदत संपल्यावर सलग त्रेसष्ट किंवा अधिक दिवस औषधांच्या मान्य विम्याविना गेले, तर अशा प्रत्येक पूर्ण महिन्यामागे राष्ट्रीय पायाभूत हप्त्याच्या शेकडा एक इतका आकार कायमचा वाढतो. ‘आम्ही एकही गोळी घेत नाही’ ही अभिमानाची गोष्ट खरी. पण तिने दंड माफ होत नाही.

भाग ‘बी’ मध्ये वर्षाची ठरावीक पहिली रक्कम आपण भरल्यावर सामान्यतः शेकडा ऐंशी सरकार देते व वीस आपल्याकडे राहतात. या वीसांना वरची मर्यादा नाही. म्हणून पुष्कळ लोक ‘मेडिगॅप’ नावाचा खाजगी पूरक विमा घेतात. पासष्ट वर्षे पूर्ण असून भाग ‘बी’ लागू झाला, की त्या महिन्यापासून सहा महिने कंपनीने कोणताही आजार असला तरी तो विमा दिलाच पाहिजे. त्यानंतर बहुतेक राज्यांत ती प्रकृती विचारू शकते, नकार देऊ शकते. मधुमेह आपल्या समाजात घरोघरी आहे. हे सहा महिने मधुमेह्याने वाया दवडू नयेत.

वृद्ध आई-वडिलांचा प्रश्न

आता इकडील वाचकांच्या अगदी जवळचा भाग. चिरंजीवांनी बोलाविल्यावरून जे आई-वडील ग्रीन कार्ड घेऊन तिकडे जातात, त्यांनी तेथे काम केलेले नसते. मुलाने तीस वर्षे कर भरला असला तरी त्याच्या तिमाह्या हयात मुलाच्या खात्यावरून आई-वडिलांच्या खात्यावर चढत नाहीत. पासष्ट वर्षे वय, कायम वास्तव्याचा परवाना आणि अर्जापूर्वी सलग पाच वर्षांचे वास्तव्य, या अटी पुऱ्या झाल्या म्हणजे त्यांना मेडिकेअर विकत घेता येते. २०२५ साली भाग ‘ए’ चा पूर्ण हप्ता दरमहा ५१८ डॉलर होता; भाग ‘बी’ चे १८५ मिळविले म्हणजे माणशी ७०३, आणि उभयतांचे १,४०६ डॉलर दरमहा. केवळ भाग ‘बी’ ही घेता येतो. मात्र भाग ‘ए’ विकत घ्यावयाचा तर ‘बी’ घ्यावाच लागतो.

अशांची सात महिन्यांची खिडकी पासष्टीभोवती नसून, सर्व अटी ज्या महिन्यात प्रथम पुऱ्या होतात त्याभोवती असते. वडील अडुसष्टाव्या वर्षी गेले, तर पाच वर्षे पुरी होण्याचा त्र्याहत्तरावा वर्षाचा तो महिना टिपून ठेवावा. दरम्यान मोठा काळ स्वदेशी काढल्यास वास्तव्याच्या सलगतेविषयी प्रश्न निघू शकतो, हेही विसरू नये. पहिल्या पाच वर्षांसाठी दुसरा विमा पाहावाच लागतो. केवळ भेटीच्या व्हिसावर जाणाऱ्यांना मेडिकेअर मिळत नाही. त्यांनी प्रवासविमा घेऊनच निघावे. वृद्धांना नेण्याचा निर्णय प्रेमाचा आहे, परंतु त्याचा खर्च आधी मांडला म्हणजे प्रेमात कटुता येत नाही.

मायदेशी परतणाऱ्यांसाठी

काही मंडळी आयुष्याची संध्याकाळ मायदेशी घालवावी म्हणून परततात. त्यांनी जाणावे की, मेडिकेअर सामान्यतः अमेरिकेबाहेरचा खर्च देत नाही. मिरजेच्या किंवा हैदराबादच्या रुग्णालयातील बिल ते भरणार नाही. मग येथे राहून भाग ‘बी’ चा हप्ता भरत राहावे काय? पुन्हा तिकडे जाण्याची शक्यता असेल, तर हप्ता बंद केल्यावर परतताना दंड आणि जानेवारीची वाट या दोन्ही गोष्टी अंगावर येतात. कधीच जावयाचे नसेल, तर तो खर्च व्यर्थ. हा निर्णय प्रकृती, मुलांचे वास्तव्य आणि मनाचा कल पाहून एकदाच, पण नीट करावा. हप्ता नसलेला भाग ‘ए’ मात्र सोडण्याचे कारण नाही. जे केवळ भेटीसाठी येतात, त्यांना काही मेडिगॅप योजनांत परदेशी आकस्मिक आजारासाठी २५० डॉलर स्वतः भरल्यावर शेकडा ऐंशी मिळतात; ते प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांपुरते आणि उभ्या आयुष्यात ५०,००० डॉलरांपर्यंतच.

ध्यानात ठेवावयाची याद

वरील विवेचनातून व्यवहारात काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

पहिले, चौसष्टावे वर्ष लागले की कागदोपत्री जन्मतारीख पाहून सात महिन्यांची मुदत वहीत लिहून ठेवावी. दुसरे, आजचा विमा चालू नोकरीचा आहे की स्वतः विकत घेतलेला, आणि मालकाकडे माणसे वीस आहेत की कमी, हे लेखी विचारून घ्यावे. तिसरे, विमा स्वतःचा असेल किंवा माणसे कमी असतील, तर पासष्टीच्या आधीच्या तीन महिन्यांत भाग ‘ए’ व ‘बी’ साठी सोशल सिक्युरिटीकडे अर्ज करावा. चौथे, मालकाचा मोठा विमा असेल व थांबावयाचे असेल, तर तो विमा औषधांसाठी मान्य असल्याचे पत्र दरसाल जपून ठेवावे. पाचवे, नोकरी सोडताना आठ महिन्यांची तारीख त्याच दिवशी टिपावी आणि कोब्राच्या भरवशावर राहू नये. सहावे, मेडिगॅपचे सहा महिने व औषधांचे त्रेसष्ट दिवस यांची वेगळी नोंद करावी. सातवे, पती व पत्नी यांचा हिशेब निरनिराळा मांडावा.

सल्ल्यासाठी विमा विकणाऱ्या दलालाकडेच जावे लागते असे नाही. प्रत्येक राज्यात सरकारी मदतीने चालणारे आरोग्यविमा सल्ला केंद्र आहे. तेथे प्रशिक्षित माणसे विनामूल्य मार्गदर्शन करतात. हप्त्यांचे आकडे दरसाल बदलतात, म्हणून अर्जाच्या वर्षीचे दर तेथे पाहून घ्यावेत. मुदतींचे नियम समजून गेलेला मनुष्य तेथे प्रश्न नीट विचारतो आणि उत्तर नीट ऐकतो.

आपल्या वाडवडिलांनी परमुलखात जाऊन पेढ्या घातल्या, तेव्हा तेथील वजने, मापे आणि नाणी त्यांनी आधी शिकून घेतली. मगच दुकान मांडले. त्यांच्या मुलानातवंडांनी सातासमुद्रापलीकडे दुकाने मांडली, तेव्हा तेथील कर व कायदेही ते शिकले. म्हातारपणाचे हे मापही त्याच नेटाने शिकावे. येत्या दिवाळीस नवी वही पूजेला मांडाल, तेव्हा तिच्या पहिल्या पानावर घरातील वडीलधाऱ्यांच्या जन्मतारखा आणि ज्याची त्याची मुदत लिहून ठेवावी. आणि अमेरिकेतील भावास, बहिणीस किंवा मुलास पुढचे पत्र लिहाल अथवा दूरध्वनी कराल, तेव्हा क्षेमकुशलाबरोबर त्यांच्या पासष्टीची तारीखही विचारावी. एवढी विचारपूस वेळेवर झाली, तर ती पुढे एखाद्या घराला मोठ्या संकटातून वाचवील, असा आमचा विश्वास आहे.